पानावरून उठवलेला विजेता

भरल्या पानावरून उठवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या आजा-पणज्यांनी लग्नघरी अंगणाबाहेर बसून पंगत उठण्याची वाट पाहिली, त्यांना हा अपमान पुस्तकातून शिकण्याची गरज पडत नाही. आज मात्र आम्ही ज्या पंक्तीची हकीकत सांगणार आहोत ती आपल्याकडची नाही. ती अमेरिकेतील आहे. तेथे पानावरून ज्याला उठायला सांगितले तो कोणी आगंतुक नव्हता. ज्या विजयासाठी ती पंगत बसली होती, तो विजय त्यानेच मिळवला होता. त्याचे नाव अर्नी डेव्हिस.

दिवस होता १ जानेवारी १९६० चा. टेक्सास राज्यातील डॅलस शहरात कॉटन बोल नावाचा विद्यापीठांचा मानाचा सामना झाला. उत्तरेकडील न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या सिराक्यूज विद्यापीठाने टेक्सास विद्यापीठाला २३-१४ असे हरवले. सिराक्यूजच्या २३ गुणांपैकी १६ गुण एकट्या अर्नीने मिळवले होते. तेव्हा त्याला विसावे वर्ष संपून अवघे दोन-अडीच आठवडे झाले होते. मांडीमागचा स्नायू दुखावलेला असताना तो मैदानात उतरला, सामना सुरू होताच चेंडू झेलून ८७ यार्डांची मजल मारून गेला आणि सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. संध्याकाळी बक्षीस समारंभ व मेजवानी होती. अर्नीला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना सांगण्यात आले, की बक्षीस घ्यावे आणि मग निघावे. पुढचा कार्यक्रम गोऱ्यांसाठी होता.

त्या रात्रीच्या तपशिलाबाबत खेळाडूंच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी सांगतो, काळ्या खेळाडूंना जेवण संपेपर्यंत थांबू दिले. कोणी सांगतो, गोरे सहकारीही संतापून त्यांच्याबरोबर उठायला निघाले होते आणि विद्यापीठाच्या मंडळींनी प्रकरण वाढू नये म्हणून त्यांना आवरले. आम्ही वकिली करणारी माणसे. साक्षीदार तपशिलात वेगळे पडले तरी मूळ घटनेवर एक असतील तर ती घटना सिद्ध धरावी, एवढे आम्हांस ठाऊक आहे. मूळ घटनेबद्दल दुमत नाही. पायांवर टाळ्या आणि पंक्तीला मज्जाव, असा तो न्याय होता.

टेक्सासच्या त्या संघात तेव्हा एकही काळा खेळाडू नव्हता. याच विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाने हेमन स्वेट या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला होता आणि १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रवेश द्यायला लावला होता. निकाल लागून दहा वर्षे झाली होती, तरी फुटबॉलच्या मैदानावर काळा विद्यार्थी दिसत नव्हता. ज्युलियस व्हिटियर हा टेक्सासच्या मुख्य संघातला पहिला काळा खेळाडू मैदानात उतरायला १९७० साल उजाडावे लागले. वर्गाचे दार उघडून मैदानाचे दार उघडेपर्यंत वीस वर्षे गेली. कायदा आणि समाज यांच्यातले अंतर मोजायचे असेल तर हे एक माप आम्ही जवळ ठेवले आहे.

अर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू सेलेम गावचा. त्याने वडिलांचे तोंड पाहिले नाही. त्याच्या जन्माआधीच ते अपघातात गेले. आई तरुण, एकटी. मुलाचा सांभाळ युनियनटाऊन येथे आजी-आजोबांनी केला. आजोबा विली डेव्हिस कोळशाच्या खाणीत मजूर होते. घर गरिबीचे, पण शिस्तीचे आणि मायेचे. पोर बोलताना अडखळे. शब्द ओठाशी येऊन थांबत. पुढे जगाने त्याचे मितभाषी म्हणून कौतुक केले, पण त्या मितभाषेमागे हे तोतरेपणही होते, हे विसरू नये. बाराव्या वर्षी तो न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी आईकडे राहायला गेला. तेथील एल्मायरा फ्री अकॅडमी या शाळेत त्याने नाव काढले. फुटबॉलमध्ये तर काढलेच, पण बास्केटबॉलमध्येही. त्याच्या शाळेच्या बास्केटबॉल संघाने सलग ५२ सामने जिंकले.

येथे या खेळाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान, आणि लांबट चेंडू हातात धरून समोरच्या टोकापलीकडे न्यायचा. रनिंग बॅक हा त्यातला धावणारा गडी. चेंडू त्याच्या काखेत देतात आणि समोरचे अकरा जण त्याला जमिनीवर लोळवायला धावून येतात. त्यांच्यातून फट शोधून जितके यार्ड पुढे सरकेल तितकी त्याची कमाई. कबड्डीत चढाई करणाऱ्याला भोवतीच्या हातांतून सुटून रेषा गाठावी लागते. तीच धडपड येथे दुप्पट वजनाच्या माणसांशी, अंगावर पट्टे आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून करायची असते. दर खेपेला मार खाणे ठरलेलेच.

शाळेतील खेळ पाहून अनेक विद्यापीठे अर्नीच्या मागे लागली. त्याने सिराक्यूज निवडले, कारण त्याच्या आधी तेथे खेळून गेलेले जिम ब्राऊन यांनी त्याला गाठून बोलावले. या जिम ब्राऊन यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९५६ साली ते देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकपैकी एक होते. विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला हाइजमन ट्रॉफी मिळते. त्या वर्षीच्या मतदानात ब्राऊन पाचव्या क्रमांकावर फेकले गेले. ट्रॉफी मिळाली ती दहापैकी आठ सामने हरलेल्या संघातील एका गोऱ्या खेळाडूला. १९३५ पासून दिली जाणारी ही ट्रॉफी तोवर एकाही काळ्या हाताला लागली नव्हती. सिराक्यूजने ब्राऊन यांचा ४४ क्रमांकाचा सदरा अर्नीच्या अंगावर चढवला. तो सदरा म्हणजे मान होता आणि न फिटलेली बाकीही होती.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. अर्नी दुसऱ्या वर्षी, १९५९ मध्ये उतरला आणि प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवॉल्डर यांचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच हंगामाचा शेवट म्हणजे डॅलसचा तो सामना आणि ती मेजवानी. तीन हंगामांत अर्नीने चेंडू घेऊन धावत २,३८६ यार्ड कापले. दर धावेला सरासरी ६.६ यार्ड आणि एकूण ३५ टचडाऊन. जिम ब्राऊन यांचे विद्यापीठातील विक्रम त्याने मागे टाकले. मैदानाबाहेर सिग्मा अल्फा म्यू या ज्यूधर्मीय विद्यार्थ्यांच्या मंडळाने त्याला आपल्यात घेतले. त्या मंडळातला तो पहिला काळा सदस्य. जे स्वतः बाहेर ठेवले गेले होते त्यांनी आपल्या पंक्तीत जागा करून दिली, ही गोष्ट आम्हांस ट्रॉफीइतकीच मोलाची वाटते.

१९६१ मध्ये मतमोजणी झाली. अर्नीला ८२४ गुण, ओहायो स्टेटच्या बॉब फर्ग्युसनला ७७१. फर्ग्युसनही काळाच. ज्या ट्रॉफीने २६ वर्षे काळ्यांकडे पाठ फिरवली, तिच्या पहिल्या दोन्ही जागा त्या वर्षी काळ्या खेळाडूंनी घेतल्या. न्यूयॉर्क शहरात समारंभ झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्या दिवशी शहरात होते. त्यांनी अर्नीची भेट घेतली. खाण मजुराचा नातू देशाच्या सर्वोच्च नेत्याशी हस्तांदोलन करीत होता आणि डॅलसच्या त्या संध्याकाळला दोन वर्षेही झाली नव्हती.

याच शहरात १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात आमच्या बाबासाहेबांनी अध्ययन केले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच मुळी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यामुळे अर्नी डेव्हिस आमच्यासाठी केवळ परदेशातला खेळाडू राहत नाही. तो भावकीतला ठरतो.

आता त्याच्या आयुष्यातील जो भाग वकिलांनी पाठ करावा असा आहे तो सांगतो. व्यावसायिक संघ दरवर्षी विद्यापीठांतील खेळाडूंची क्रमाने निवड करतात. १९६२ साठीच्या निवडीत पहिले नाव अर्नीचे पुकारले गेले. असा मान मिळालेला तो पहिला काळा खेळाडू. निवडणारा संघ होता वॉशिंग्टन रेडस्किन्स. मूळनिवासींना हिणवणारे हे नाव त्या संघाने २०२० मध्ये टाकून दिले. संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल हे कट्टर वर्णभेदी होते. लीगमधील बाकी सर्व संघांनी काळे खेळाडू घेतले तरी त्यांचा संघ शुभ्रच राहिला होता. दक्षिणेकडील गोरा प्रेक्षक ही त्यांची बाजारपेठ होती.

मग अशा माणसाने एकदम काळ्या खेळाडूचे नाव कसे पुकारले? त्यांचे हृदयपरिवर्तन झाले काय? मुळीच नाही. झाले ते असे. राजधानीत नवे स्टेडियम उभे राहिले ते केंद्र सरकारच्या जमिनीवर. मार्शल यांनी ते तीस वर्षांच्या कराराने घेतले. केनेडी यांच्या मंत्रिमंडळातील अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी १९६१ मध्ये बजावले, की सरकारी जागा वापरायची असेल तर नोकरभरतीत वर्णभेद चालणार नाही. संघात काळ्यांना घ्या, नाहीतर स्टेडियम विसरा. मार्शल यांनी आदळआपट केली, पण शेवटी वाकले. अर्नीला त्यांनी स्वतःकडे ठेवले नाही. क्लीव्हलँड ब्राऊन्स संघाला देऊन त्याच्या बदल्यात बॉबी मिचेल आणि लिरॉय जॅक्सन हे दोन काळे खेळाडू घेतले. १९६२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाचा वर्णभेद मोडला.

वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. मार्शल यांचे मन कधीच बदलले नाही. १९६९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राने मुलांच्या कल्याणासाठी पैसा ठेवला, पण त्यातला एकही पैसा वर्णैक्याच्या कामी लागू नये अशी अट घातली. माणूस मरेपर्यंत, किंबहुना मेल्यानंतरही बदलला नाही. तरी त्याचा संघ बदलला. कारण सरकारी जमिनीच्या वापराला एक अट होती आणि ती अट राबवण्याची हिंमत असलेला एक मंत्री होता. सवर्णांचे मन वळेपर्यंत थांबा असा उपदेश आम्हांला जे लोक करतात, त्यांच्यासमोर हा दाखला ठेवावा. मने वळतील तेव्हा वळोत. अट आज लागू करता येते. जून २०२० मध्ये त्याच स्टेडियमबाहेरील मार्शल यांचे स्मारक हटवण्यात आले आणि संघाच्या नंतरच्या स्टेडियममधील ज्या भागाला त्यांचे नाव होते त्याला बॉबी मिचेल यांचे नाव देण्यात आले.

क्लीव्हलँडमध्ये जिम ब्राऊन आणि अर्नी डेव्हिस एकाच संघात, एकमेकांशेजारी धावणार होते. करार झाला होता. सदरा ठरला होता, क्रमांक ४५. पण १९६२ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे एका प्रदर्शनी सामन्याच्या तयारीत असताना अर्नीची प्रकृती बिघडली. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. त्याला हे लगेच सांगण्यात आले नाही. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या स्टेडियमवर दिवे मालवून प्रकाशझोतात त्याची ओळख करून देण्यात आली आणि हजारो प्रेक्षकांनी टाळ्यांचा गजर केला. तो मैदानावर आला तो एवढाच. ऑक्टोबरमध्ये रोग काही काळ आटोक्यात आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला खरे काय ते सांगितले. त्याला खेळवावे की नाही यावरून संघाचे मालक आर्ट मॉडेल आणि प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांच्यात वाद झाला. प्रशिक्षकांनी नकार दिला. अर्नी सरावाला येई, सामन्यांना हजर राही, पण व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नाही.

मार्च १९६३ मध्ये एका साप्ताहिकात त्याच्या नावाने लेख आला. आपण स्वतःला दुर्दैवी समजत नाही, असे त्याने त्यात सांगितले होते. १८ मे १९६३ रोजी क्लीव्हलँडच्या रुग्णालयात तो गेला. वय २३. एल्मायरा गावी त्याच्या अंत्यदर्शनाला दहा हजारांहून अधिक माणसे आली. काळी आली, गोरीही आली. अमेरिकेच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांत त्याला आदरांजली वाहण्यात आली. वुडलॉन दफनभूमीत त्याला ठेवले. याच गावात गृहयुद्धाच्या काळात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांची बंदी छावणी होती. छावणीत मेलेल्या जवळपास तीन हजार कैद्यांना जॉन डब्ल्यू. जोन्स या गुलामीतून पळून आलेल्या काळ्या माणसाने या वुडलॉनमध्येच मूठमाती दिली आणि प्रत्येकाची नीट नोंद ठेवली. माणसाला माणूस म्हणून कसे वागवावे हे त्या मातीला गोऱ्यांनी शिकवलेले नाही.

कोणी विचारील, हा अर्नी बोलला का नाही? डॅलसची ती मेजवानी झाली त्याला बरोबर एक महिना झाला असताना, १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाणावळीच्या टेबलाशी जाऊन बसले आणि उठायला नकार दिला. बघता बघता दक्षिणेत शेकडो ठिकाणी विद्यार्थी तसेच बसले. अर्नी वारला त्याच मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये काळ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे जोरदार फवारे मारले. एवढे रण पेटलेले असताना हा मुलगा भाषण करीत नव्हता, मोर्चे काढत नव्हता. खरे आहे. पण चळवळीत सर्वांचा वाटा एकसारखा नसतो. कोणी टेबलाशी बसतो, कोणी न्यायालयात भांडतो, कोणी जेथे आपल्यापैकी कोणी पोचलेच नाही तेथे पोचून दाखवतो. बोलताना अडखळणाऱ्या, विशीतल्या पोराने आपल्या पायांनी जी साक्ष दिली ती उलटतपासणीत टिकणारी होती. आम्ही ती कमी लेखणार नाही.

परंतु ती साक्ष पुरेशी होती काय? आमच्या लेखाचा खरा मुद्दा येथे आहे. अर्नीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच सिराक्यूज विद्यापीठातील नऊ काळ्या खेळाडूंनी मागण्या केल्या. अभ्यासात गोऱ्या खेळाडूंना मिळते तशी मदत द्या. दुखापतींवर नीट वैद्यकीय उपचार करा. संघ निवडताना न्याय करा. प्रशिक्षकांत एक तरी काळा नेमा. प्रशिक्षक तेच, श्वार्ट्झवॉल्डर. विद्यापीठ तेच, ज्याने अर्नीचे पोवाडे गायले. मुलांनी सरावावर बहिष्कार घातला आणि त्यांना संघाबाहेर राहावे लागले. वृत्तपत्रांनी मोजणीत चूक करून त्यांना सिराक्यूजचे आठ म्हटले आणि तेच नाव चिकटले. त्यांची संख्याही कोणी नीट मोजली नाही. विद्यापीठाने त्यांची माफी मागितली ती २००६ मध्ये, ३६ वर्षांनी. तोवर त्यांची खेळण्याची वये निघून गेली होती.

म्हणजे पाहा. काळा खेळाडू जिंकून देतो, हसतो, गप्प राहतो, तोवर तो विद्यापीठाचे भूषण. तोच समान उपचार मागतो तेव्हा तो उपद्रवी. एकाचा गौरव करणे व्यवस्थेला परवडते, कारण त्या गौरवाने पंक्तीची मांडणी बदलत नाही. सर्वांना समान पान वाढायचे म्हटले की मात्र व्यवस्थेच्या पोटात दुखू लागते. गौरव आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे समजण्याची चूक अमेरिकेतल्या अनेकांनी केली. ती चूक आपल्याकडेही होते. एखादा आपला मुलगा परीक्षेत पहिला येतो, त्याच्या गळ्यात हार पडतो, छायाचित्र छापून येते. त्याच शाळेतील, त्याच वस्तीतील दुसऱ्या मुलाने शिष्यवृत्ती का अडली असे विचारले, तर त्याला दारातून परत पाठवतात. हार पाहून आपण टाळ्या वाजवाव्यात, जरूर वाजवाव्यात. पण दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराकडे पाठ करून नव्हे.

२००८ मध्ये अर्नीच्या जीवनावर द एक्स्प्रेस नावाचा चित्रपट आला. त्यात १९५९ च्या वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या गावातील प्रेक्षक काळ्या खेळाडूंचा छळ करतात असे दाखवले आहे. वास्तविक तो सामना सिराक्यूजच्याच मैदानावर झाला होता. आम्हांस हे खटकते. अन्यायाच्या हकीकतीत खोट्याची भेसळ केली, की विरोधकाला सगळीच हकीकत खोटी म्हणण्याची संधी मिळते. डॅलसची मेजवानी खरी आहे. मार्शल यांचे मृत्युपत्र खरे आहे. नऊ खेळाडूंची ३६ वर्षे खरी आहेत. एवढे खरे हाताशी असताना खोट्याची गरज कोणाला?

आज एल्मायरात अर्नीच्या नावाची शाळा आहे, तिच्यासमोर त्याचा पुतळा आहे. पुतळे असावेत. आमचा पुतळ्यांना विरोध असण्याचे कारण नाही. पण पुतळ्यापुढून जाताना प्रत्येक वेळी एक प्रश्न मनाशी विचारावा. ज्याचा पुतळा उभारला त्याला आज आपल्या पंक्तीत, शेवटचा घास होईपर्यंत, बसू दिले असते काय? आणि त्याच्याबरोबर जे आले होते, ज्यांना बक्षीस मिळाले नव्हते, त्यांना? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे येईल, त्या दिवशी अर्नी डेव्हिसची ती डॅलसची मेजवानी पुरी होईल.